मास्तरांना विचारून सांगते

३ फेब्रुवारी

नवऱ्याला पुन्हा बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलंय, रोज चार ओळी लिहीत जा. तो काय बोलला, काय खाल्लं, कुठे अडखळला. त्यासाठी वेगळी वही केली आहे, ती बाईंना दाखवायची. ही माझी. हिच्यात मी वाट्टेल ते लिहिणार.

नवऱ्याला इस्पितळातून घरी आणून महिना होत आला. मेंदूत गुठळी अडकली होती. उजवा हात लोंबतो, उजवा पाय ओढत चालतो, आणि तोंडात एकच शब्द उरलाय. ‘नंतर.’ चहा हवा? नंतर. दुखतंय का? नंतर. लेकीचा फोन आला तेव्हा त्याच्या कानाला लावला. ती पलीकडे रडत होती आणि हा अगदी समजावणीच्या सुरात, “नंतर, नंतर, नंतर.”

बाई म्हणाल्या, असं होतं. सगळे शब्द जातात आणि एखादाच वाचतो, पुष्कळदा तोंडात बसलेला. मी म्हटलं, मग बरोबरच आहे. भिंतीला रंग, दाताचा डॉक्टर, माझ्या बहिणीकडे जाणं, लग्न झाल्यापासून मी हाच शब्द ऐकत आलेय. बाई हसल्या. मीही हसले. तोही हसला, पण त्याचं तोंड एकाच बाजूने वर गेलं.

५ फेब्रुवारी

बाई म्हणतात, त्याच्या जिव्हाळ्याचं काहीतरी त्याला मोठ्याने वाचून दाखवा. वर्तमानपत्र नको. म्हणजे ‘ठिपका’ आलाच.

ठिपका म्हणजे माझी सवत. दिवसभर हा लिफ्ट दुरुस्त करायचा आणि घरी आला की कॉम्प्युटरसमोर. जुन्या व्हिडिओ गेममध्ये यायचं तसलं टुंई-टुंई संगीत तयार करायचा हा प्रोग्राम, त्याने एकट्याने लिहिलेला. पडद्यावर चार उभे रकाने असतात. त्यांत वरून खाली एकेक सूर टाइप करत जायचं. मग एक पट्टी वरून खाली सरकते आणि ज्या ओळीवर येते ती ओळ वाजते. मला आजवर त्यातलं संगीत काही ऐकू आलेलं नाही. घरात डास शिरलाय असंच वाटायचं. पण कुठकुठली पाच-सहाशे माणसं तो वापरतात. फुकट आहे. ती माणसं ह्याला मास्तर म्हणतात आणि सारखी काहीतरी मागत असतात. हे बटण द्या, ते जमत नाही, अमुक का नाही.

आज त्याची मेल उघडली; ठिपकावाल्यांचा गट आहे, एकाने लिहिलेलं सगळ्यांना जातं. न वाचलेल्या मागण्यांचा ढीग. वेताच्या खुर्चीत त्याला बसवलं, चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली.

पहिलाच कुणी ‘भोंगा’. ही माणसं खरी नावं लावत नाहीत. “मास्तर, चार वर्षं घसा कोरडा करतोय. रकाने चारच का? पाचवा द्या. खर्ज टाकला की ठेक्याला जागा उरत नाही. तुम्हाला माणसांची कदर नाही.”

मी वर पाहिलं तर हा ताठ बसलेला. डोळे लकाकत होते. इस्पितळापासून हे डोळे पाहिले नव्हते.

“काय सांगू ह्याला?”

“नंतर,” तो म्हणाला. ठासून.

६ फेब्रुवारी

भोंग्याला उत्तर पाठवलं. एकच शब्द, ‘नंतर.’ खोटं काय त्यात? तो तेच म्हणाला होता.

दुपारपर्यंत सगळीकडे बोभाटा. मास्तर परतले!

१४ फेब्रुवारी

पद्धत सापडली. त्याचा ‘नंतर’ चढत गेला की हो. उतरला की नाही. मधेच तुटला की विचार चाललाय.

पाचव्या रकान्याचं पुन्हा विचारलं. उतरता. मी टाइप केलं, “नाही. चारच.” भोंग्याचं लगेच उत्तर, “हा खरा मास्तर! चार वर्षांपूर्वी शब्दन् शब्द हेच म्हणाला होतात.”

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! म्हणजे माझा कान बरोबर आहे. बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, सुरावर फार भिस्त ठेवू नका. त्या आठवड्यातून दोन तास येतात. मी त्याच्याबरोबर आयुष्य काढलंय.

‘कासव’ नावाची एक आहे, फार सभ्य. “गाण्याची गती मधल्या एखाद्या ओळीपासून बदलता आली तर बरं होईल. घाई नाही.” चढता. “होईल,” असं कळवलं. करणार कोण, ते पुढचं पुढे.

लेक फोनवर म्हणाली, “आई, तुला हवं तेच तू ऐकतेयस.” लेक दूर राहते. दुरून तसंच वाटायचं.

२ मार्च

मी कामाला जाते त्या चष्म्याच्या दुकानातून डोळे तपासायचा जुना तक्ता घरी आणला. मालक म्हणाले, न्या, नाहीतरी कोपरे फाटलेत. वाचता न येणाऱ्यांसाठी त्यावर तीन दातांची आकृती असते, कधी वर तोंड, कधी खाली, कधी आडवी. गिऱ्हाइकाने नुसतं बोटाने दाखवायचं, दात कुणीकडे. अंतर मोजून त्याला बसवलं. एक डोळा झाकला. त्याने डाव्या हाताने शेवटच्या ओळीपर्यंत भराभर दाखवलं. एकही चूक नाही! दुसऱ्या डोळ्यानेही तसंच.

मग तक्ता उलटा केला. मागे अक्षरं. सगळ्यात वरचं, बशीएवढं मोठं. त्याच्याकडे तो बघत राहिला. मग माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा बोटाने दाखवायला लागला, वर, खाली, वर.

नजर शाबूत आहे. म्हणजे वाचता येणार, फक्त वेळ लागेल. तसं बाईंच्या वहीत लिहिलंय.

पाण्यात आणि चहात घट्ट करायची पावडर घाला, पातळ काही देऊ नका, असं इस्पितळाने सांगितलं होतं. तो चिकट चहा त्याला अगदी आवडत नाही, ओठ मिटून घेतो. आज शहाण्यासारखा तक्ता वाचला म्हणून साधा दिला, अर्धा कप. काय समाधान चेहऱ्यावर! जरा ठसका लागला, बाकी काही नाही.

१९ मार्च

घोटाळा झालाय. कॉम्प्युटरच्या कंपनीने काहीतरी नवीन बदल आणलाय आणि ठिपका मुका झाला. उघडतो, सूर टाइप होतात, पट्टी वरून खाली नीट सरकते, पण आवाज म्हणून नाही. लोकांच्या मेलवर मेल. कुणाचा कार्यक्रम चार दिवसांवर, कुणाचं अर्धं गाणं अडकलेलं. ‘दीडशहाणा’ नावाचा एक थट्टेखोर आहे, तो लिहितो, “मास्तर, आमची सगळ्यांची वाचा बसली. औषध पाठवा.”

कासव म्हणते, “बराच काळ पडून राहिलेला एखादा जुना धागा तुटला असणार. मूळ प्रत पाहायला मिळाली तर मी प्रयत्न करते. कॉलेजात हाच विषय शिकवते.”

मूळ प्रत म्हणजे त्याने स्वतः लिहिलेल्या त्या हजारो ओळी. त्या त्याने कधी कुणाला दाखवल्या नाहीत. माझ्या स्वयंपाकघरात दुसऱ्याचा हात नको, म्हणायचा. मी कासवला लिहिलं, “मी स्वतः बघतो.”

‘बघतो’ लिहिताना बोट जरा थांबलं होतं.

२३ मार्च

त्याला कॉम्प्युटरसमोर बसवलं. आजारपणानंतर पहिल्यांदा. मूळ प्रत कुठे असते ते मला ठाऊक होतं, इतकी वर्षं पाठीमागून ये-जा केलीय. काळ्या पडद्यावर पांढऱ्या-पिवळ्या ओळी आल्या.

म्हटलं, “आवाज गेलाय बघ. तुलाच सापडेल.”

त्याने डाव्या हाताने खाली जायचं बटण दाबून धरलं. ओळी धावायला लागल्या. खूप वेळ. मला वाटलं, शोधतोय. चेहरा पडद्याच्या इतका जवळ नेला की श्वासाने काच धुरकट झाली. मग बटण सोडलं आणि तळहात काचेवर सपाट ठेवला. मी म्हटलं, “इथे आहे का?” आणि त्याने कीबोर्ड हाताने ढकलून खाली पाडला. “नंतर! नंतर! नंतर!” असा ओरडला की वरच्या मजल्यावरच्या बाई जिना उतरून आल्या.

त्यांना म्हटलं, काही नाही, तोल गेला.

खुर्ची उंचीला कमी पडते. परत बसवेन तेव्हा उशी घालून बघते.

४ एप्रिल

लेक आलीय. आल्या आल्या म्हणाली, “बाबा किती वाळलेत.” मला तर तो बरा दिसतो. पोट गेलं, शर्ट अंगावर सुटसुटीत बसतो. ती म्हणाली, खोकला कधीपासून? म्हटलं, हवा बदलली की सगळ्यांनाच होतो.

संध्याकाळी तिने मेल वाचल्या. माझी उत्तरंही वाचली. मग दार लोटून घेतलं.

“आई, हे तू लिहितेस?”

“तो सांगतो, मी लिहिते.”

“बाबा काय सांगतात? बाबांना चमचा आणि कंगवा यातला फरक सांगता येत नाहीये.”

“सकाळी वाचायला बसलो की बघ त्याच्याकडे. मग बोल.”

“मी बघितलं. आनंदात असतात. पण ही माणसं बाबांची वाट बघतायत गं.”

“मग बघू देत. मीही बघतेय.”

ती जागची उठली. मग माझ्या शेजारी येऊन बसली, खांद्याला खांदा लावून. लहानपणी मार खाल्ल्यावर बसायची तशी. म्हणाली, “तू बघ वाट. तुला कोण अडवतंय? त्यांना मात्र खरं सांग.”

मी रागावले होते. जेवताना तिच्याशी बोलले नाही. त्याला भरवताना तिने पावडर घातलेलं पाणी दिलं, चमच्या चमच्याने, आणि त्याने ते घेतलंसुद्धा. मुलगी आहे ना, तिचं ऐकतो.

७ एप्रिल

लेक काल परत गेली. आज लिहिलं सगळ्यांना.

“मी मास्तरांची बायको. डिसेंबरात त्यांच्या मेंदूला झटका आला. त्यांना बोलता येत नाही. आता लिहिता-वाचता येत नाही असंही डॉक्टर म्हणतात. फेब्रुवारीपासून उत्तरं मी देत होते. ठिपक्याचा आवाज दुरुस्त करणं मला येत नाही. तुम्हाला फसवलं म्हणून माफी मागते.”

पाठवलं आणि कॉम्प्युटर बंद केला, कुणी दगड मारेल की काय अशी भीती वाटून.

८ एप्रिल

कुणी दगड मारला नाही. भोंग्याने एवढंच विचारलं, “म्हणजे पाचव्या रकान्याला नाही कोण म्हणालं?”

मी लिहिलं, “आवाज त्यांचा होता. अर्थ मी लावला.”

तो म्हणाला, “अर्थ बरोबर लावलात, वहिनी.”

कासवने पुन्हा मूळ प्रतीचं विचारलं, फार हळुवारपणे. मी लिहिलं, “मास्तरांना विचारून सांगते.”

१६ एप्रिल

एक नवीनच दुखणं. मेल येतच नाहीत. येतात त्या ‘लवकर बरे व्हा’, ‘काळजी घ्या’ अशा. मागण्या बंद. आजारी माणसाकडे कोण काय मागणार?

हा मात्र आंघोळ झाली की पाय ओढत वेताच्या खुर्चीपाशी येतो, बसतो, चष्म्यासाठी हात पुढे करतो. ‘लवकर बरे व्हा’ वाचलं की तोंड फिरवतो. काल जुन्या मागण्या पुन्हा वाचल्या. दुसऱ्या ओळीलाच त्याने ओळखलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं शिळं वाढल्यावर पाहायचा.

आज वाचायला काहीच नव्हतं. तरी तो दुपारपर्यंत तिथेच बसून राहिला.

१८ एप्रिल

शेवटी लिहिलं. लाज सोडून.

“एक विनंती आहे. मागण्या थांबवू नका. पुऱ्या होणार नाहीत, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. तरी मागा. भांडा. ते रोज सकाळी ऐकायला बसतात. सहानुभूती त्यांना आवडत नाही.”

२० एप्रिल

देवा! मेलचा डबा भरून वाहतोय. सकाळी वाचायला बसले ती दुकानाला उशीर झाला.

दीडशहाणा: “चुकीचा सूर टाकला की ठिपक्याने घसा खाकरावा. चारचौघांत अब्रू राहील.”

आणखी कुणी: “भोंग्याला पाचवा रकाना देऊन टाका, पण तो वाजू नये. नुसता दिसू दे.”

त्यावर भोंगा, पानभर, चिडून, तारखांनिशी, आजवर त्याने काय काय मागितलं आणि मास्तरांनी ते कसं उडवून लावलं. मी त्याच्या मेल वाचताना आवाज चढवते. हा हसायला लागला. खांदे हलायला लागले, डोळ्यांतून पाणी, पुढे खोकल्याची उबळ, तरी हसतोय. मीही हसले. किती महिन्यांनी, दोघं एकाच गोष्टीला हसलो.

एक मेल वेगळी होती. कारखान्याच्या फाटकावर पहारा करणारा कुणी. “मी एकाच कानात इयरफोन घालतो, दुसरा कान फाटकाकडे लागतो. आवाज होता तेव्हाही तुमच्याकडे अर्धे सूर डाव्या कानात वाजायचे, अर्धे उजव्या. मला माझं गाणं कायम अर्धंच ऐकू आलं. दोन्ही एका कानात आणता येईल का?”

ह्याचं हसू थांबलं. बोट वर केलं. पुन्हा वाच. मी पुन्हा वाचलं. तो बराच वेळ खिडकीकडे बघत होता. मग हळूच, “नंतर.”

चढता नव्हता, उतरताही नव्हता. असा मी पूर्वी ऐकला नव्हता. “त्यांनी दोनदा ऐकलं,” एवढंच पाठवलं.

३० एप्रिल

दोन दिवस अंग कोमट आहे. जेवण कमी. पण सकाळची बैठक चुकवत नाही. बाईंनी वजन करायला सांगितलंय. काटा बिघडला असावा.

९ मे

कासव तिसऱ्यांदा विचारतेय. फाटकावरच्या माणसाची मागणीही करून देईन म्हणते, आवाजही परत आणेन, आणि सगळं मास्तरांच्या नावावरच राहील. आज ठरवूनच बसले. मेल बाजूला ठेवल्या, त्याचे दोन्ही हात हातात घेतले.

“ठिपका कासवला द्यायचा का? तुझं स्वयंपाकघर आहे, मला माहीत आहे. पण तिथे आता चूल पेटत नाहीये. देऊ?”

नेहमीचा शब्दही नाही. डावा हात सोडवून घेतला आणि माझ्या नाकावरचा चष्मा काढला. एका हाताने, फार खटपट करून, काड्या मिटल्या. टेबलावर ठेवला. मग कॉम्प्युटरचा पडदा बोटाने ढकलून भिंतीकडे वळवला. आणि माझ्या गालावरून हात फिरवला.

हल्ली असा खेळत बसतो. म्हटलं, “अरे, उत्तर दे ना!” त्याने डोळे मिटून घेतले.

कासवला कळवलं, आज उत्तर मिळालं नाही. पुन्हा विचारते.

१४ मे

ताप चढला. श्वास घुरघुरतोय. इस्पितळात आणलंय. डॉक्टर म्हणतात, अन्न-पाणी फुप्फुसात उतरत होतं, बरेच दिवस. लेकीला बोलावलं.

मेल वाचायला मिळावी म्हणून फोन बरोबर आणला होता. नाकाला नळी आहे. वाचलं नाही.

१७ मे

सकाळी गेला. लेक पोहोचली होती.

२१ जून

एवढे दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं असं नाही.

लोकांना लेकीने कळवलं. खूप मेल आल्या आहेत, मी उघडलेल्या नाहीत. तेराव्या-चौदाव्या कुठल्याशा दिवशी ती आवराआवर करत होती. स्वयंपाकघरात पावडरीचा डबा सापडला. तिने झाकण उघडलं. आत बघत उभी राहिली, खूप वेळ. डबा जवळजवळ भरलेला होता. मग झाकण घट्ट लावलं आणि वरच्या फळीवर अगदी मागे ढकलला. टाकून द्यावा की ठेवावा, असं तिला वाटलं असेल.

त्या दिवसापासून माझ्याशी फार मऊ वागते. सारखी जवळ घेते. जाताना म्हणाली, “आई, तू खूप केलंस हं. लक्षात ठेव, तू खूप केलंस.” मी विचारलंही नव्हतं.

दुकान सुरू केलंय.

६ जुलै

कासव आली होती. मीच बोलावलं. जिना चढून धापा टाकत आली, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठीच असेल, केस पांढरे, हातात केळ्यांचा घड. नावाला साजेशी हळू बोलते. मला ती तिशीतली वाटायची.

मूळ प्रत उघडून दिली. कुणाला विचारलं नाही. आता कुणाला विचारायचं?

ती वाचत बसली. मी चहा केला. मधेच हसली. म्हटलं, काय? म्हणाली, “काही नाही हो. फार सरळ माणूस होता. कुठे आडवळण नाही.” मला तिचा हेवा वाटला. त्या ओळींतून तिला तो दिसत होता.

तिसऱ्या प्रहरी तिने एक ओळ खोडली, दोन नव्या लिहिल्या, आणि एकदम सूर वाजला. दोघीही दचकलो. तिने घाईने बारीक केला. म्हटलं, “राहू दे मोठा.” कुणाचं तरी गाणं होतं, साधंच, चार रकान्यांचं. पट्टी वरून खाली जात होती आणि वाजत होतं. मला वाटलं होतं, आता तरी मला त्यात काही ऐकू येईल. डासच ऐकू आला. तरी गाणं संपेपर्यंत उभी राहिले.

कासवने प्रत नेली. जाताना म्हणाली, मागण्यांचं शेवटचं उत्तर मात्र तुम्हीच द्यायचं, मी फक्त कारागीर.

३ ऑगस्ट

दुकानाला सुट्टी. कासवचं लांबलचक पत्र. नवी आवृत्ती तयार आहे. आवाज आला, फाटकावरच्या माणसासाठी एका कानाची सोय झाली, गती मध्येच बदलता येते. एका मागणीवर काम अडलंय आणि ती जवळजवळ सगळ्यांनी केलीय. ठिपका उघडला की आधी मास्तरांचा फोटो यावा, खाली त्यांच्या स्मरणार्थ दोन ओळी, मग रकाने. भोंग्याने तर ओळी लिहूनही पाठवल्यात, मला त्या वाचवेनात. “फोटो निवडून पाठवाल का?” असं विचारलंय.

सकाळभर फोटो काढून बसले. एक आवडला. लिफ्टच्या खड्ड्यातून वर बघतोय, गालाला काळं वंगण, दात दिसतायत. हाच पाठवायचा म्हणून बाजूला काढला.

मग ठिपका उघडला, फोटो कुठे बसेल ते बघायला. काळा पडदा, चार रिकामे रकाने, आणि पट्टी पहिल्या ओळीवर उभी, लिहायला तयार. ठिपका उघडलेला मी इतकी वर्षं पाहत होते, पण समोर बसून कधी पाहिला नव्हता. मला तो कामावरून आलेला आठवला. बूट पायातच, जेवण टेबलावर निवतंय, मी ओरडतेय, आणि हा एक हात वर करून ‘थांब थांब’ करत खुर्चीकडे धावतोय, डोक्यातलं सांडायच्या आत टाकायचं म्हणून. असा तो एकटाच नसणार. फाटकावरचा माणूस पहारा संपवून येत असेल. दीडशहाणासुद्धा कुठूनतरी दमून येत असेल. त्यांनी आधी एका गेलेल्या माणसाच्या तोंडाकडे बघत थांबायचं? तेवढ्यात त्यांचा सूर निसटला तर?

कासवला लिहिलं, “नाही. फोटो नको, ओळीही नकोत. उघडलं की लगेच लिहिता आलं पाहिजे.”

तिचं उत्तर थोड्या वेळाने आलं. “लोक नाराज होतील, ताई.”

“होऊ देत.”

पाठवलं, फोटो पाकिटात घातला आणि तिथेच बसून रडले. इस्पितळात रडले नव्हते, लेकीसमोर नव्हते. आज असा आवाज निघाला की वरच्या मजल्यावरच्या बाई उतरून आल्या आणि दार वाजवायला लागल्या. “बरं आहे ना? अहो, उघडा ना!” मी आतून म्हटलं, बरं नाहीये. त्या गेल्या नाहीत. दाराबाहेर जिन्यावर बसल्याचं ऐकू आलं. मग मी उठून दार उघडलं.